अध्यक्षांची रोजची खबर

सारंग निवडून आला तेव्हा माझ्या पोटात दुखलं नाही. लोक म्हणतात दुखलं, म्हणू द्या. त्याच्या गळ्यात हार मीच घातला आणि फोटोत मी हसतोही आहे. दुखायला लागलं ते नंतर, त्याने मला रोजचा फोन नको म्हणून सांगितलं तेव्हा.

हा फोन काय प्रकार आहे ते आधी सांगतो. ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टन आणि ख्राइस्टचर्च इथल्या मराठी मंडळांचा मिळून एक महासंघ आहे. त्याचा अध्यक्ष म्हणजे अख्ख्या न्यूझीलंडमधल्या मराठी माणसांचा अध्यक्ष. आम्ही थट्टेने त्याला राष्ट्राध्यक्ष म्हणतो आणि जो होतो तो ती थट्टा हळूहळू खरी मानायला लागतो. सुधाकरराव बरीच वर्षं राष्ट्राध्यक्ष होते आणि मी, मधुकर, त्यांचा चिटणीस. रोज संध्याकाळी जेवणाआधी मी त्यांना फोन करायचो आणि दिवसभराची खबर द्यायचो.

खबर म्हणजे हॉलचं भाडं आणि खुर्च्यांचा हिशोब नव्हे. ते कुणीही सांगेल. कुणाची आई व्हिजिटर व्हिसावर आली आहे आणि ती गाते; कुणाचा रेसिडन्सचा अर्ज अडकलाय, त्याच्यासमोर नव्या घराचे विषय काढायचे नाहीत; वेलिंग्टनच्या खजिनदारीणबाई आणि तिथल्या नाटकवाल्यांमध्ये नेमका कशावरून अबोला आहे; असं सगळं. एवढ्या लांबच्या देशात आपली माणसं मूठभर. त्यातला एक रुसला की मंडळाचा गणपतीसुद्धा उदास दिसतो. सुधाकरराव क्रिकेट बघता बघता ऐकायचे आणि हं हं म्हणायचे, पण त्यांच्या कारकिर्दीत कुणी फुटून निघालं नाही, ते या फोनमुळे. एवढी माहिती मला कुठून मिळते, असं लोक विचारायचे. मी म्हणायचो, माणसाने कान उघडे ठेवले की मिळते.

दोन हजार सोळाच्या डिसेंबरात सुधाकरराव पायउतार झाले आणि सारंग निवडून आला. पस्तिशीचा, पुण्याचा, एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करणारा, ऑकलंडच्या टोकाला टाकानिनीच्या नव्या वसाहतीत घर घेतलेला. सूत्रं संक्रांतीच्या कार्यक्रमात हाती घ्यायची होती. मधला महिनाभर त्याला तयार करायचं काम माझंच, असं मी धरून चाललो होतो. निवडणुकीनंतर हॉलच्या पार्किंगमध्ये मी त्याला विचारलं की संध्याकाळी कधी फोन करत जाऊ.

"रोज कशाला काका?" तो गाडीचा दरवाजा उघडत म्हणाला. "तेच तेच ऐकून काय होणार? काही वेगळं घडलं तर टेक्स्ट करा ना. तुमच्यावर हीप्स ऑफ ट्रस्ट आहे, भरपूर विश्वास आहे माझा. स्वीट ॲज."

स्वीट ॲज म्हणजे इथल्या बोलीत सगळं झकास. एवढं म्हणाला आणि गेला. मी तिथे जँडल, म्हणजे रबरी चपला, घातलेल्या पायांनी उभा, हातात उरलेला हार.

योगायोग बघा, त्याच दिवसांत तिकडे अमेरिकेच्या नव्याने निवडून आलेल्या अध्यक्षांनीही हेच म्हटल्याची बातमी होती. हेरखात्याची माणसं रोज सकाळी जी गुप्त खबर घेऊन येतात ती रोज ऐकायची मला गरज नाही, काही बदललं तर सांगा. टीव्हीवर तज्ज्ञ लोक कपाळाला हात लावत होते. आपल्या इथेही पंतप्रधानांनी त्याच सुमारास अचानक राजीनामा दिला होता आणि नवे यायचे होते. मला तर पर्वणीच मिळाली. जो भेटेल त्याला मी विचारायला लागलो: नव्या नेत्याने रोज खबर ऐकावी की नाही? अमेरिकेचं नाव घ्यायचं आणि टाकानिनीकडे बघायचं.

सुधाकररावांकडे बार्बेक्यू होता तिथे यावर चांगलाच वाद झाला. एक जण म्हणाला, नेत्याने मोठे निर्णय घ्यावेत, रोजच्या कुचाळक्या कशाला ऐकाव्यात. मी म्हणालो, रोज ऐकलं नाही तर काय बदललं हे कळणार कसं? आदल्या दिवशीचं ठाऊक नसलेल्याला आजचं वेगळं कसं दिसेल? हा मुद्दा बिनतोड होता आणि आहे. हॅमिल्टनहून जयवंत आला होता. तिथल्या ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या डेअरी फॅक्टरीत इंजिनिअर आहे, मोजकं बोलतो. तो म्हणाला, "आमच्याकडे शिफ्ट बदलताना जाणारा येणाऱ्याला सगळं सांगतो. पण येणाऱ्याने विचारायलाही लागतं. नाहीतर सांगणारा नुसता बोलत राहतो." मी म्हटलं, तेच तर, सारंग विचारतच नाही.

माझी बायको स्नेहलता कॉर्नवर लोणी लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "रोज ऐकणाऱ्यांना तरी कुठे सगळं ऐकू येतं." मला वाटलं ती सुधाकररावांच्या क्रिकेटबद्दल बोलतेय. मी हसलो.

त्यानंतर मला सारंगचं सगळंच खुपायला लागलं. हॉलची केअरटेकर बाई माझ्याकडे दर खेपेला लायसन्स मागते, इतकी वर्षं मागते आहे. सारंगने तिला एकदा माओरीत नमस्कार म्हणून किया ओरा म्हटलं आणि तिने किल्ल्याच काढून दिल्या. म्हाताऱ्या बायका त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. माझी पोरगी इरावती सिडनीहून महिन्यातून एकदा फोन करते, तीसुद्धा म्हणाली, "बाबा, सारंग इज सो लव्हली, ना?" आणि स्नेहलताने चिरोटे केले तेव्हा एक डबा टाकानिनीला गेला. आमच्या घरी चिरोटे दिवाळीला होतात, तेही मी दोनदा आठवण केल्यावर. मी विचारलं की हे मधेच कशाबद्दल, तर म्हणाली, पोरगा गुणी आहे. गुणी या शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो शब्द तिने माझ्यासाठी कधी वापरल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळ झाली की हात फोनकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. सुधाकररावांना करून बघितला एकदोनदा. ते म्हणाले, आता मला कशाला सांगतोस, मी सुटलो. सुटलो म्हणाले. जेवायला बसलो तरी घास घशाखाली उतरायचा नाही. स्नेहलता ताटाकडे बघायची.

मग मी ठरवलं की याला एकदा तोंडावर पडू द्यायचं. वेलिंग्टनचा नेहमीचा हॉल नोव्हेंबरच्या भूकंपानंतर बंद होता, त्यामुळे महासंघाचं पुढच्या वर्षीचं संमेलन तिथे न होता हॅमिल्टनला होणार हे उघड होतं. मी सारंगला टेक्स्ट केला की ईस्टरचा लाँग वीकेंड उत्तम, गुड फ्रायडेपासून सुरू करू. त्याचं अंगठ्याचं चित्र आलं. यात मी काहीही खोटं बोललो नाही. फक्त त्या वर्षी गुड फ्रायडे चौदा एप्रिलला येत होता हे सांगितलं नाही. चौदा एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती. जयवंत, त्याची बायको सरिता आणि तिथली दहा-बारा घरं त्या दिवशी वंदना, भाषणं, मुलांची नाटुकली असा मोठा कार्यक्रम करतात. मागे एकदा त्याच दिवशी आमच्या कुणीतरी हॅमिल्टनमध्ये नाटकाची तालीम ठेवली होती, तर ती सगळी घरं वर्षभर आमच्या कार्यक्रमांना फिरकली नव्हती, आणि बरोबरच होतं त्यांचं. सारंग तेव्हा या देशात नव्हता. रोजची खबर ऐकली असती तर त्याला हे कळलं असतं. ऐकायची नाही ना? मग भोग.

हे मी फक्त स्नेहलताला सांगितलं. चहा पिता पिता, मजेत. म्हटलं, बघ आता राष्ट्राध्यक्षांची कशी फजिती होते. ती कप विसळत होती. ती हसली नाही, पण तिला माझे विनोद उशिरा कळतात.

ख्रिसमसच्या आधी सारंगच्या गॅरेजमध्ये बैठक झाली. त्या वसाहतीत सगळ्यांची गॅरेजं गाडीपेक्षा माणसांसाठीच वापरतात. गालिचा अंथरलेला, भिंतीला मुलांच्या सायकली, सारंगची बायको सुरभी साबुदाणा वडे आणून देत होती. जयवंत मुद्दाम हॅमिल्टनहून आला होता. मी माझी खुर्ची अशी ठेवली की मला जयवंतचा चेहरा नीट दिसावा.

सारंगने संमेलनाचा विषय काढला. "मधुकरकाकांची सूचना आहे की ईस्टरला करू, शुक्रवारपासून," तो म्हणाला. मी वडा खाली ठेवला. "शुक्रवारी चौदा एप्रिल आहे. मी जयवंतदादांशी आणि सरितावहिनींशी बोललो. सकाळचा जयंतीचा कार्यक्रम त्यांचा, त्यांच्या पद्धतीने. आपण सगळ्या गावांनी तिथे पाहुणे म्हणून जायचं, त्यांनी सांगितलं ते काम करायचं. संमेलनाचं उद्घाटन संध्याकाळी. वहिनी म्हणाल्या, आजवर कुणी असं विचारलं नव्हतं."

जयवंतने नुसती मान हलवली, पण त्याचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्याही पाठीवर थाप मारली, सूचना माझी होती ना. मी वडा खाल्ला. तो गार झाला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, जयवंतनेच सांगितलं असणार. पण पुढे संक्रांतीला कोण गाणार हे ठरत होतं. सगळ्यांनी सुलेखाचं नाव घेतलं, दर वर्षी तीच गाते. सारंग हळू आवाजात म्हणाला की या वर्षी तिला विचारायला नको, तिच्या सासूबाई नागपूरला अखेरच्या आजारात आहेत आणि ती रोज तिकिटाचे भाव बघतेय. हे मला माहीत नव्हतं. मला, चिटणिसाला, माहीत नव्हतं. माझ्या कानशिलांवर मिरच्या झोंबल्यासारखं झालं. म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरत होतं. रोजची खबर नको असं नव्हतंच. माझी खबर नको होती.

त्यानंतरचे काही दिवस मी त्या दुसऱ्या माणसाच्या मागावर होतो. आधी जयवंतवर संशय घेतला, पण हॅमिल्टनला बसून त्याला सुलेखाचं काय कळणार? मग वेलिंग्टनच्या खजिनदारीणबाईंवर घेतला, पण त्या सारंगशी अजून एकदाही बोलल्या नव्हत्या. शनिवारी सँडरिंगहॅमला किराणा घ्यायला गेलो. नेहमीप्रमाणे मी गाडीत बसलो आणि स्नेहलता आत गेली. तिला मेथीची जुडी घ्यायला अर्धा तास लागतो, कारण प्रत्येक रॅकपाशी तिला कुणीतरी गाठतं. काचेतून दिसत होतं: एक बाई तिचा हात धरून रडत होती, मग दुसरी आली, मग हळदीची पाकिटं हातात धरून एक तरुण पोरगा बराच वेळ काही सांगत राहिला. रविवारच्या मराठी शाळेत ती मुलांना शिकवते, त्यामुळे आयाही तिला ओळखतात. मी हॉर्न वाजवला. इथे माझी झोप उडाली आहे आणि हिच्या गप्पा संपत नाहीत. गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, सारंगला कोण सांगत असेल गं? ती म्हणाली, "सीटबेल्ट लावा."

आणि मग, ख्रिसमस होऊन गेल्यावर, सारंगचा फोन आला. संध्याकाळी, जेवणाआधी.

"काका, आज काय विशेष?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. मग मला कळलं की गडी वळणावर आला. मी मोठं मन केलं, मागचं काही काढलं नाही. फक्त जो भेटेल त्याला सांगितलं की नव्या राष्ट्राध्यक्षांना अखेर रोजच्या खबरीची किंमत कळली. अमेरिकेतल्यापेक्षा शहाणा निघाला. दुसरा जो कोणी हेर होता त्याला डच्चू मिळाला असणार, हे मी गृहीत धरलं आणि मनातल्या मनात त्याची कीवही केली. भूक परत आली. एका संध्याकाळी मी आमटीचे तीन वाडगे प्यायलो आणि स्नेहलताला म्हटलं, "बघ, शेवटी आला ना विचारत." ती म्हणाली, "भात घ्या अजून."

एकच अडचण होती. नेमकं आता माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही येत नव्हतं. मी म्हटलं, सुट्ट्यांचे दिवस, लोक टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन समुद्रावर गेलेले, घडणार काय? मग मी जुन्याच गोष्टी जरा फोडणी देऊन सांगायचो. वेलिंग्टनचा अबोला दोनदा सांगून झाला. सारंग प्रत्येक वेळी म्हणायचा, हो का काका, बरं झालं सांगितलंत. ऐकण्यात पोरगा सुधाकररावांपेक्षा उजवा होता, हे मान्य करायला हवं.

जानेवारीत संमेलनाचा हॉल बघायला आम्ही हॅमिल्टनला गेलो. मी जाताना सुधाकररावांच्या गाडीतून गेलो, सारंग त्याच्या गाडीने आला. सरिताने सगळ्यांना जेवायला घातलं. सुधाकरराव तिथेच मुलीकडे राहणार म्हणाले, म्हणून परत येताना मी सारंगबरोबर निघालो. माझ्या फोनची बॅटरी हॉलचे फोटो काढण्यात संपली होती, त्यामुळे घरी कळवायचं राहून गेलं. रस्ताभर मी बोलत होतो. वेलिंग्टनचा अबोला तिसऱ्यांदा निघाला. ऑकलंडच्या अलीकडचा बॉम्बे हिल्सचा चढ चढत होतो, ऊन अजून लख्ख होतं, आणि सारंगच्या गाडीत फोन वाजला. आजकालच्या गाड्यांत फोन कानाला लावावा लागत नाही, सगळीकडून आवाज येतो. सारंगने स्टिअरिंगवरचं बटण घाईघाईने दाबलं. तो बंद करायला गेला आणि चालूच झाला.

"सारंग, मी बोलतेय. दोनच गोष्टी आहेत," गाडीभर स्नेहलताचा आवाज आला. "सुलेखा उद्या निघतेय, तिच्या मुलांचे डबे मी आणि सुरभीने वाटून घेतलेत. आणि ह्यांना फोन करायला विसरू नकोस हं. आज तिकडे भेटलात तरी कर. काही नसेल तर हॉलचंच विचार. तेच तेच सांगतात, कळतं रे मला, पण तुझा फोन आला नाही तर जेवत नाहीत."

सारंग दुसरं बटण दाबत होता. त्याने आवाज फक्त मोठा झाला.

"मावशी," तो म्हणाला. "मावशी, काका गाडीत आहेत."

मग ती म्हणाली, "बरं. मग मी आमटी गरम करायला ठेवते." आणि फोन ठेवला.

पुढचा रस्ता कसा गेला ते विचारू नका. सारंग सॉरी काका, सॉरी काका म्हणत होता. मी बाहेर बघत होतो. खरं सांगायचं तर फोनच्या भिकेपेक्षाही मला एक शब्द टोचत होता. मी सारंगचा काका. म्हणजे स्नेहलता त्याची काकू. आजवर साऱ्या न्यूझीलंडमध्ये ती काकूच आहे, माझ्यामुळे. मावशी म्हटलं की नातं सरळ तिच्याशी, मधे मी कुठेच नाही. हे कधी झालं? कुणाला विचारून झालं?

त्याने मला दारात सोडलं. आत आलो तेव्हा ताटं मांडलेली होती. मी उभ्यानेच विचारलं की कधीपासून चाललंय हे.

"चौदा एप्रिलचं तुम्ही मला हसत सांगितलंत ना, त्या दिवसापासून," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, लाजही नव्हती. "सरिता त्या दिवसासाठी महिनोन् महिने मुलांकडून तयारी करून घेते. तुमच्या आणि सारंगच्या मधे तिचा दिवस कशाला खराब व्हायचा? मी त्याला फोन केला."

"ते एकदाच सांगून झालं असतं. रोज कशाला?"

"त्याने विचारलं, मावशी, रोज सांगाल का?"

म्हणजे पार्किंगमध्ये मला रोज कशाला म्हणणारा हाच. मी खुर्चीवर बसलो. मी म्हणालो की ही सगळी खबर आधी मला यायची, घरात, सगळ्यांच्या आधी, हे तिला आठवतं का. ते ऐकून ती पहिल्यांदा चिडली.

"आठवतं ना. तुम्ही हं म्हणायचात आणि उठून सुधाकररावांना फोन लावायचात. मला इतकी वर्षं वाटायचं, मी तुम्हाला सांगतेय. सुलेखाच्या सासूबाईंचं मी तुम्हालाच आधी सांगायला आले होते. माझा गळा भरून आला होता. तुम्ही म्हणालात, थांब, हे सारंगला कळवायचं नाही, अंधारात राहू दे त्याला. आणि गेलात. काय सांगत होते तेही ऐकलं नाहीत. सारंग पहिल्यांदा काय म्हणाला माहीत आहे? सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मावशी, मग तुम्हाला काय वाटतं? मला काय वाटतं हे तीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मी तर घाबरलेच."

मला तो प्रसंग आठवेना. आठवेना म्हणजे तो घडलाच नव्हता असं मी म्हणणार होतो, पण तिच्या डोळ्यांकडे बघून म्हणालो नाही.

त्या रात्री मला सारंगचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नसेल. अध्यक्षपदाचा नव्हे, टाकानिनीच्या घराचा नव्हे, त्या केअरटेकर बाईच्या किल्ल्यांचा तर नव्हेच. संध्याकाळी कुठेतरी उभी राहून माझी बायको त्याला सगळं सांगत होती, आणि तो ऐकत होता, आणि त्यात तिचा गळा भरून येत असेल, कधी हसूही येत असेल. ते सगळं माझं होतं आणि मी ते दुसऱ्याच्या घरी पोचवून मोकळा होत होतो. आता तिनेच पोचवायला सुरुवात केली, तर माझा जळफळाट होत होता. चोर म्हणावं तर त्याने काही चोरलं नव्हतं. त्यामुळे जास्तच जळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा फोन वाजला. सारंगच होता. आवाजावरूनच कळत होतं की बिचाऱ्याने करावा की नाही याचा दिवसभर विचार केलाय. तो काही विचारायच्या आत मी म्हणालो, "थांब, तुझ्या मावशीला देतो," आणि फोन स्नेहलतापुढे धरला. तिने माझ्याकडे बघितलं. मग पदराला हात पुसले, फोन घेतला आणि डेकवर जाऊन मागे काचेचं दार ओढून घेतलं.

मी आतून बघत बसलो. आवाज येत नव्हता. ती बोलताना हात हलवत होती, कठड्यापर्यंत जात होती, परत येत होती. एकदा खळखळून हसली, एकदा कपाळाला हात लावून गप्प ऐकत राहिली. माझ्याशी बोलताना ती हात हलवते की नाही, हे मला आठवून बघावं लागलं. वाटलं, दार उघडावं आणि म्हणावं, पुरे आता, सांग मला काय चाललंय. लग्न झाल्या झाल्या ती तिच्या मैत्रिणींची पत्रं वाचत बसायची तेव्हा मला असंच व्हायचं.

ती आत आली, फोन माझ्यासमोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसली. मी दिवसभर जे घोकून ठेवलं होतं ते म्हणालो, अगदी सारंगसारखंच, जमेल तेवढ्या मऊ आवाजात.

"मग, तुला काय वाटतं?"

तिने मान वर केली. क्षणभर तिचा चेहरा असा झाला की मला आशा वाटली.

"कशाबद्दल?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. सुलेखा निघाली होती एवढं मला ठाऊक होतं, पण पोचली का, एकटी गेली का, सासूबाई आहेत की गेल्या, काहीच ठाऊक नव्हतं. सरिताचं काही माहीत नव्हतं. स्वतः स्नेहलताचा दिवस आज कुठे आणि कसा गेला तेही माहीत नव्हतं. साऱ्या न्यूझीलंडची खबर ठेवणारा मी, मला एक गोष्ट सुचेना जिच्याबद्दल तिला विचारावं. ती थांबली होती. चांगली पुष्कळ थांबली. मग उठून पानं घ्यायला लागली.